परातभर पाणी

वाशीमच्या डॉक्टरांनी बाटली हातात देताना बजावलं होतं, दिवस बुडायच्या आत हे थेंब डोळ्यांत पडले पाहिजेत. रिठदला माझी पाच वर्षांची पोर देवीच्या तापानं फणफणत होती आणि तिच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या. दिमतीला सायकल होती, म्हणून मी निर्धास्त निघालो. मोठा शहाणा मी.

अर्ध्या वाटेवर मागचं चाक जड लागू लागलं. हवा भरली की मैलभर चाले, मग पुन्हा बसे. पुढंपुढं अर्धा मैलही चालेना. हळूहळू जाणारी हवा मोठी लबाड असते. कान लावून भोक सापडत नाही, ट्यूब पाण्यातच बुडवावी लागते, आणि चैत्रातले नाले कोरडे ठणठणीत पडलेले.

वाटेवरच्या वस्तीत शिरलो तर धडाधड दारं लागली. बाया लेकरांना ओढून आत नेत होत्या. कोट, टोपी आणि सायकल म्हणजे देवीची लस टोचणारा, हे त्या लोकांचं ठरलेलं. एका दारापुढं मी गयावया केली, मी शाळामास्तर आहे, फक्त परातभर पाणी द्या. आतून एका म्हातारीनं सांगितलं, या घरात लेकरूच नाही. तेवढ्यात आत एक लेकरू रडलं.

ऊन उतरत होतं. खरं सांगावं तर हाकलून देतील, न सांगावं तर पाणी मिळत नाही. शेवटी न राहवून बोलून गेलो, "माय, माह्या पोरीच्या अंगावर देवी आल्या. डोये झाकले तिचे."

कडी निघाली. म्हातारीनं हात जोडले. मला नव्हे, माझ्या घरी आलेल्या देवीला. पाण्याची परात उंबऱ्याबाहेर ठेवली आणि ती मागं सरली. ट्यूब दाबली तसे मोहरीएवढे बुडबुडे निघाले. मी ठिगळ चिकटवत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "तुमी तं शिकेल मानूस. पोरीले टोचलं नवतं काय?"

"टोचनारा आला तवा म्याच तिले जवारीच्या कनगीत दडवलं," मी म्हणालो. हात सुजेल, ताप येईल, म्हणून माझाच जीव घाबरला होता.

ठिगळ टिकलं. पण रिठदला पोचलो तेव्हा घराघरात दिवे लागले होते. पोरीचा उजवा डोळा वाचला, डावा गेला. कुणी विचारलं तर मी अजूनही एवढंच सांगतो, की त्या दिवशी सायकलची हवा गेली होती.