फेनेला रॅट्रे आणि एकोणिसावं फाटक

फेनेला रॅट्रे माझ्याशी शेवटचं बोलली ती १९७४ च्या मार्चमध्ये, आणि ते बोलणं आमच्या ग्लेनब्रॅकनमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही.

वैर त्याआधीचं. तिचा बाप टॉर्क्विल जमीनदाराच्या हरणांचा राखणदार. माझ्या भावाला, कीथला, चोरून मारलेल्या हरणीसकट त्यानं पकडलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. कीथ तीन महिने तुरुंगात राहिला. सुटल्यावर त्याला इथे कुणी काम दिलं नाही, म्हणून तो कॅनडाला गेला तो गेलाच. त्यानंतर रॅट्र्यांपैकी कुणी समोर दिसलं की आई रस्ता ओलांडायची.

फेनेला मात्र स्कीवर जन्मल्यासारखी होती. आमचा बर्फ चित्रातला नव्हे. वारा तो रात्रभर खरवडतो, सकाळी नुसती काच उरते आणि मधूनमधून झुडपांची खुंटं. त्या काचेवर भल्याभल्यांचे पाय निसटत, हिचे रुतत. सतराव्या वर्षी ती मुलग्यांनाही मागे टाकत होती.

त्या मार्चमध्ये स्कॉटलंडची स्लालम स्पर्धा, म्हणजे काठ्यांमधून वळणं घेत उतरायची शर्यत, आमच्याच उतारावर झाली. जी जिंकेल तिला ब्रिटनच्या संघात जागा. क्लबला माणसं कमी पडली, म्हणून हॉटेलवाल्या लॉगीबाईंनी, त्याच क्लबच्या अध्यक्ष, मला एकोणिसाव्या फाटकापाशी बसवलं. फाटक म्हणजे दोन काठ्यांमधली वाट. दोन्ही स्कींची टोकं आतून गेली पाहिजेत, नाहीतर खेळाडू बाद.

"मर्डो, डोळे उघडे ठेव आणि तोंड बंद," बाई म्हणाल्या.

ढग खाली उतरले होते. दुसऱ्या फेरीत फेनेला आली तीच सुसाट. एकोणिसाव्याला तिचा डावा पाय सरकला आणि त्या स्कीचं टोक काठीच्या बाहेरून गेलं. मी कार्डावर फुली मारली.

खाली तिचा वेळ सगळ्यात कमी भरला. लोक तिला खांद्यावर घेत होते, तेवढ्यात बाईंनी मला पुढे बोलावलं.

"नक्की पाहिलंस?"

"नक्की."

"त्या ढगात?"

"माझ्यापासून चार हातांवर होती."

फेनेला स्की हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुझ्या चोर भावाचं उट्टं माझ्यावर काढलंस तू. थू तुझ्या तोंडावर." आणि ती खरोखर थुंकली.

टॉर्क्विलनं तिला मागे ओढलं. मला म्हणाला, "मी कीथला हरणीपायी धरलं होतं, मर्डो. तू पोरीचं आयुष्य धरलंस."

पुढे वर्षभर दारूच्या गुत्त्यात माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. माझ्या ट्रॅक्टरचे टायर दोनदा फाडले. लॉगीबाई समितीत म्हणाल्या, लिहिलेलं ते लिहिलेलं; आणि हॉटेलात गिऱ्हाइकांना सांगत राहिल्या, मला तर शंकाच होती.

फेनेला एप्रिलमध्येच ऑस्ट्रियाला गेली. तिथे हॉटेलात भांडी घासायची आणि पहाटे तिथल्या पोरांबरोबर सराव करायची. ती पोरं तिला हसत, तुमच्या देशात मेंढ्या असतात, डोंगर कुठले. दोन वर्षांत तिनं त्यातल्या निम्म्यांना हरवलं आणि चाचणी देऊन ब्रिटनच्या संघात शिरली. सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात जगभरच्या खेळाडूंच्या उताराच्या मोठ्या शर्यतीत चौदावी आली. आमच्या खोऱ्यातलं कुणी तिथवर पोचलं नव्हतं. पुढच्याच वर्षी ती पडली आणि गुडघ्याचा चुरा झाला. वय एकवीस.

मग क्लबला प्रेम आलं. भिंतीवर तिचा मोठा फोटो लावला, चहा ठेवला. ती काठी टेकत आली. लॉगीबाईंचं भाषण, 'आमची लेक' वगैरे, तिनं उभ्यानं ऐकून घेतलं. मग तिनं खिळ्यावरून फोटो उतरवला आणि काखेत मारला.

"अगं, हे काय?" बाई म्हणाल्या.

"माझं तोंड आहे, मी घरी नेते. ह्या भिंतीला लावायला तुमचं लावा."

"चहा तरी घे."

"तुमच्या हातचा नको."

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तिची स्की बाहेरून गेली होती. आज विचारा, वीस वर्षांनी विचारा, मी तेच सांगेन. पण फुली मारताना मला कीथ आठवला होता आणि मला बरं वाटलं होतं. हे मला कुणी विचारलं नाही. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं.

आता ती इथेच मुलांना शिकवते, कडक आणि शिवराळ, आणि तिची पोरं जिंकतात. मी स्कीवाल्यांना उतारावर वर ओढून नेणाऱ्या दोरापाशी कामाला आहे. तिची पाळी आली की मी दोराला लटकलेली दांडी पुढे करतो. ती धरते आणि समोर बघत वर जाते. गेल्या हिवाळ्यात मी म्हणालो, "आज वर फार निसरडं आहे, फेनेला. त्या गुडघ्याला जप."

तिनं ती दांडी रिकामीच जाऊ दिली आणि पुढच्या दांडीची वाट पाहत उभी राहिली.