तिसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी

पुण्याला निघाले त्या दिवशी अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर बाबांनी माझी पेटी एसटीच्या सीटखाली ढकलली आणि खाली उतरून खिडकीशी आले. म्हणाले, "रडू नोको. शिकाले जाऊन राहिली तू, सासरी नाही." मायनं खिडकीतून हात घालून माझी वेणी तेवढी सारखी केली. गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांची अशी एखादी खिडकी असेलच.

मेडिकलच्या क्लाससाठी गेले होते. पोरगी डॉक्टर होणार हे बाबा गावभर सांगून मोकळे झाले होते, त्यामुळे परत फिरायची वाट मी निघायच्या आधीच बंद झाली होती. होस्टेलची खोली तीन कॉटची. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायचं तर आऊटपास हवा, आणि आऊटपासवर स्थानिक पालकाची सही. पुण्यात मला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं, सही कुणाची आणणार? फॉर्मवरचा तो रकाना कोराच राहिला.

पहिला पंधरा ऑगस्ट आला. दोघी रूममेट आपापल्या मावशी-आत्यांकडे गेल्या. क्लासला सुट्टी, गेटला कुलूप, आणि मी कॉटवर.

आमच्याकडे पंधरा ऑगस्ट येतो तो ऐन रोवणीत, भाताच्या लावणीत. शाळेच्या भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं की बांध्यांमध्ये वाकलेल्या बाया हातातले धानाचे पऱ्हे तसेच धरून ताठ उभ्या राहतात. बाबा गुडघाभर चिखलात टोपी सारखी करतात. आणि त्या भोंग्यावरून 'सावधान' म्हणणारा आवाज पाचवीपासून दहावीपर्यंत माझा होता. मी म्हटलं की अख्खं शिवार सावधान, असा माझा रुबाब! बाबा शेजारच्या बांधीतल्या माणसाला दरवर्षी न चुकता सांगायचे, "आमची पोट्टी होय थे."

त्या सकाळी कुठल्याशा सोसायटीत राष्ट्रगीत लागलं. मी उठून उभी राहिले. कॉट आणि बादलीच्या मधल्या जागेत, गाऊनवर, केस न विंचरलेले. संपल्यावर काय करायचं ते कळेना, म्हणून पुन्हा बसले आणि फोन उघडला. सगळ्यांचे डीपी तिरंगी. गावच्या मैत्रिणींचे शाळेसमोरचे सेल्फी. मीही डीपी बदलला, पण तेवढ्यानं भागेना. कुठल्याशा पेजवर एक फोटो सापडला: मोठं मैदान, पांढऱ्या ड्रेसमधल्या मुलींच्या रांगा, सगळ्या पाठमोऱ्या, समोर झेंडा. मी तो उचलला आणि टाकला, 'झेंडावंदन, पुणे.' धडाधड लाइक पडले. लाज वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं.

दुपारी बाबांचा फोन आला. चुलतभावानं त्यांना पोस्ट दाखवली होती.

"बाई, फोटू पाह्यला. कितीक पोट्ट्या हाईत! मी तं तुलेच ढुंढून राहिलो." मग म्हणाले, "तिसऱ्या लायनीत, दोन वेण्यावाली. तूच होय न?"

मी फोटो पुन्हा पाहिला. ती मुलगी खरंच ताठ उभी होती.

"हो, बाबा."

"मालूमच होतं मले. उभं राहणं लपते का!"

दिवाळीला घरी गेले तर तो फोटो समोरच्या भिंतीवर. अर्जुनीच्या स्टुडिओतून मोठा करून, फ्रेममध्ये. मोठा केल्यानं तो पुसट झाला होता. आल्यागेल्याला बाबा बोटानं दाखवत, "हे आमची बाई," आणि पाहुणे चहा घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत.

डॉक्टर काही मी झाले नाही. बी.फार्म केलं, पुण्यातच नोकरीला लागले. बाबांनी ते एका दिवसात पचवलं. मग फोटोचं सांगायला काय हरकत होती? दरवेळी ठरवून जायची आणि दरवेळी तशीच परत यायची. एकदा माय माझे केस विंचरत होती. भिंतीकडे मान करून हळूच म्हणाली, "तुये केस इतके दाट कधी होते वो?" मी वळायला गेले, तर तिनं केस धरून ठेवले. "बाबाले सांगू नोको," ती म्हणाली, "रोज पाह्यते तो तिले."

खरं तर बादलीशेजारी एकटी उभी राहिले होते, एवढंच सांगितलं असतं तरी त्यांनी ते गावभर केलं असतं. ते मात्र मी कधीच सांगितलं नाही.

आजही पंधरा ऑगस्टला बाबा चिखलाचे पाय धुऊन घरात येतात, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं फोटोची काच पुसतात आणि मला फोन करतात, "झेंड्याले गेली होती न?" आता मी खरंच जाते. ऑफिसच्या आवारात, जमलं तर तिसऱ्या रांगेत. सहकारी फोटो काढतात, मलाही पाठवतात. मी तो घरी पाठवत नाही. बाबा त्यातही त्या दोन वेण्यांवरून मला शोधतील, आणि त्यांना मी सापडणार नाही.