मोहाच्या फांदीवरची झोळी

अगं चंदा, इथं माझ्याजवळ बसलीस असं समज आणि ऐक. फोनवर नुसतं रडून चालतं का? तुझी आजी, माझी मोठी जाऊ कौसाबाई, जाऊन महिना झाला आणि तू अजून नाशकातच! बाळंतीण आहेस म्हणून सोडलं, नाहीतर चांगली ऐकवली असती...

मी लग्न होऊन खकनारकडच्या या घरात आले तेव्हा बांधापलीकडे जंगलच होतं. साग, अंजन, धावडा... भर दुपारी आत अंधारून यायचं. मग कापसाला जागा हवी, केळीला जागा हवी, घडांना टेकू द्यायला लाकडं हवीत, असं करत आपल्याच घरच्यांनी ते मागं मागं रेटलं. पीक जोरात यायचं, सगळे खूश. शेवटी बांधावर एक म्हातारा मोह तेवढा उरला. मामंजी कुऱ्हाड घेऊन निघाले, तर कौसाबाईनं त्याच्याच फांदीला झोळी बांधलेली, आत तुझा बाप रमेश!

"पोरगं निजलंय, मामंजी. उठलं तर खेळवाल का?"

मामंजी गुमान परतले. रमेश रडला की गावभर ऐकू जायचं, कोण उठवेल त्याला! दुसऱ्या दिवशी झोळी, तिसऱ्या दिवशी झोळी. रमेश शाळेत जायला लागला तरी झोळी! एकदा मामंजींनी हळूच वाकून बघितलं... आत टोपडं घातलेला भोपळा.

"हे कोणतं नातवंड?"

"धाकटं. याची झोप फार गाढ."

मामंजी हसून हसून खाली बसले. मोह राहिला. फुलं पडायला लागली की आम्ही दोघी जावा सकाळीच टोपल्या घेऊन जायचो. फुलं कमी, गप्पाच जास्त.

परवा रमेश करवतवाल्याला घेऊन शेतात गेला. मोहामुळं ठिबकच्या नळ्या सरळ जात नाहीत म्हणे. मी मागोमाग गेले. झाडाखाली रमेश थबकला. फांदीला झोळी, त्याच्या आईच्या लुगड्याची. आत वाकला... आणि हसता हसता रडायलाच लागला. मग डोळे पुसून करवतवाल्याला म्हणाला, "चलो भैया, चाय पी के जाओ. बच्चा सो रहा है."

भोपळा कुणी ठेवला ते विचारू नकोस. टोपड्याचे टाके बघून ओळखशीलच, तुझी टोपडीही मीच शिवली होती. पण चंदा, तो आता देठाशी मऊ पडायला लागलाय गं, फार दिवस टिकायचा नाही. त्याची भाजी व्हायच्या आत बाळाला घेऊन ये बाई. झोळी बांधलेलीच आहे.