अन्नपूर्णाबाई चारदा वारल्या

आमच्या शेजारच्या पद्मजाताई मुळावेकर रागावल्या की भांडी आपटत नाहीत. ते काम माझं. त्या रागावल्या की त्यांच्या घरातून कीबोर्डचा टकटक आवाज बंद होतो. गेल्या पावसाळ्यात तो एकोणीस दिवस बंद होता, आणि यवतमाळातल्या आमच्या गल्लीत त्याचं कारण फक्त मला माहीत होतं. माझ्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवसापर्यंत ते गल्लीलाही माहीत झालं.

पद्मजाताई नगरपरिषदेत एकतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या टेबलावर होत्या. पोरीचं नाव न ठरवता नोंद करायला आलेल्या बापाला त्या समोरच्या बाकावर बसवत. "मुलगा असता तर बारशाच्या आधी तीन नावं तयार असती ना? बसा, आठवा." आमच्या दुसऱ्या मुलीच्या वेळी माझे यजमान शाम तिथे सव्वा तास बसले आणि घाबरून बाहेरच्या केळीवाल्याच्या पोरीचं नाव सांगून आले. आमची पोरगी आता कॉलेजात आहे, नाव छान आहे, पण केळीवाला भेटला की मी दुसऱ्या बाजूनं जाते.

पद्मजाताईंचे यजमान नरहरभाऊ बँकेतून निवृत्त. निवृत्त माणसाला काहीतरी धरायला लागतं. यांनी घराण्याचा कुलवृत्तांत धरला. म्हणजे मुळावेकरांच्या सगळ्या पिढ्या, कोण कुणाचा मुलगा, कुठे नोकरी, सगळं छापलेलं जाड पुस्तक. जुनी आवृत्ती अठ्ठ्याहत्तर सालची, नवी यांनी काढायची. यांनी काढायची म्हणजे यांनी फोन करायचे आणि टाइप पद्मजाताईंनी करायचं. आमच्या बंजारा तांड्यावर ढाडी येतो नि पिढ्या गाऊन दाखवतो. तो निदान आपल्या तोंडानं गातो, बायकोला गायला लावत नाही. मी हे नरहरभाऊंना बोलून दाखवलं तर म्हणाले, "राठोडबाई, तुम्ही फार बोलता."

त्या जुन्या पुस्तकात एक्केचाळीसाव्या पानावर अन्नपूर्णाबाई. नरहरभाऊंची पणजी, पणजोबा त्र्यंबकरावांची बायको. फोटो आहे, डोक्यावरून पदर, तोंड मिटलेलं. खाली लिहिलंय : अकरा अपत्ये वाढवली, शहाण्णव वर्षे जगल्या, आयुष्यात एक दिवस आजारी पडल्या नाहीत.

ही बाई पद्मजाताईंनी चाळीस वर्षं ऐकली. अनिकेत झाला तेव्हा सिझर झालं, टाके ओले होते, तर सासूबाई म्हणाल्या, आमच्या आजेसासूबाई तिसऱ्या दिवशी चुलीपुढे होत्या. ऑफिसातून येऊन पाठ टेकली तर अन्नपूर्णाबाई. ताप आला तर अन्नपूर्णाबाई. पाळी जाताना अंगाची लाही व्हायची तेव्हा नरहरभाऊ प्रेमानं म्हणाले होते, "अगं, पणजीला अकरा झाली, तिला कधी काही झालं नाही." मी त्या वेळी तिथेच पोहे खात बसले होते. बशी खाली ठेवली.

तर नव्या आवृत्तीसाठी तारखा तपासायच्या होत्या. पद्मजाताईंनी निवृत्तीनंतर हौसेनं मोडी लिपी शिकून घेतली होती, म्हणून उमरखेडला जुनी कोतवाल बुकं बघायला त्याच गेल्या. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात त्यात. मुळावेकरांचं मूळ गाव ढाणकीच्या बाजूला. चार खेपा केल्या. चौथ्या खेपेहून आल्या त्या थेट माझ्या दारात. चपला काढल्या नाहीत.

"उज्ज्वला, शहाण्णवातून अठ्ठ्याहत्तर गेले किती?"

"अठरा. काहून?"

"एकाहत्तर साली अन्नपूर्णाबाई गेल्या, तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर लिहिलंय. पुस्तकात शहाण्णव. लग्न पुस्तकाप्रमाणे अठराशे सत्त्याऐंशीला."

मी बोटं मोजायला लागले. त्यांना दम नव्हता.

"म्हणजे बाईंचं लग्न जन्माच्या सहा वर्षं आधी झालं."

मी हसले. मला वाटलं, त्याही हसतील. त्यांनी पिशवीतून कागद काढून माझ्या ओट्यावर ठेवले, कणकेच्या परातीशेजारी. वर मोडी, खाली त्यांच्या सुबक अक्षरात देवनागरी. अठराशे एकोणनव्वद : अन्नपूर्णा, जोजे त्र्यंबक, वय पंधरा, बाळंतपणात, मूलही गेले. जोजे म्हणजे बायको. अठराशे चौऱ्याण्णव : अन्नपूर्णा, जोजे त्र्यंबक, वय चौदा, बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी तापाने. एकोणीसशे तीन : अन्नपूर्णा, जोजे त्र्यंबक, वय वीस, बाळंतपणात. आणि मग एकाहत्तरची, अठ्ठ्याहत्तरची, फोटोवाली.

मुळावेकरांच्या घरात थोरल्या सुनेचं नाव अन्नपूर्णाच ठेवायचं, ही रीत. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहायचं. एक मेली की दुसरी आणायची, तिचंही तेच. तांदूळ नवे, नाव जुनं. पुस्तक लिहिणाऱ्यानं सगळ्या अन्नपूर्णा गोळा केल्या आणि एक बाई केली. तिला अकरा मुलं दिली, मधली अठरा वर्षं दिली आणि वर लिहिलं, कधी आजारी पडली नाही.

"या बाईचे टोमणे मी चाळीस वर्षं खाल्ले," पद्मजाताई म्हणाल्या. "अशी बाई नव्हतीच. तीन पोरी होत्या आणि चौथी त्यांची मुलं सांभाळायला अकराव्या वर्षी आणलेली. थोरला सावत्र मुलगा तेव्हा दहाचा."

माझी सासू सोनीबाई दारात बसून शेंगा निवडत होती. तिला ऐकू कमी येतं असं ती सांगते.

"चार बाया न नाव एक?" ती म्हणाली. "आपण तं बैलाईची बी नावं अलग ठेवतो वं."

त्या दिवशी पद्मजाताईंनी घरी जाऊन पान एक्केचाळीस नव्यानं टाइप केलं. त्र्यंबकरावांपुढे चार ओळी, चार बायका, कुणाची कोणती मुलं ते. नरहरभाऊंनी ते वाचलं आणि चष्मा काढला. पुढचं मी भिंतीपलीकडून ऐकलं. आमची भिंत एका विटेची आहे, त्यात माझा दोष नाही.

"कोतवालानं चुकीचं लिहिलं असेल."

"तीनदा?"

"अडाणी माणसं गं ती."

"अहो, मी एकतीस वर्षं नोंदी लिहिल्या. कारकून नाव चुकतो, तारीख चुकतो. मेलेली बाई चारदा मारत नाही."

"मग तळटीप टाकू. घराण्यात पणजीला लोक देवीसारखं मानतात. नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर तिचा फोटो घेतलाय."

"तुमचे आजोबा चौऱ्याण्णवचे ना?"

"हो."

"मग ते फोटोतल्या बाईंचे नाहीत. त्या तेव्हा एक वर्षाच्या होत्या. तुमची खरी पणजी चौदाची होती आणि त्यांना जन्म देऊन अकराव्या दिवशी गेली."

मग नरहरभाऊ म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

तेव्हापासून टाइपिंग बंद. पद्मजाताईंनी सरळ सांगितलं, चार बायका छापणार असाल तर पुढची पानं टाइप करते, नाहीतर पुस्तक तुमचं, कीबोर्ड तुमचा. नरहरभाऊंनी दोन बोटांनी प्रयत्न केला. दिवसाला दीड मुळावेकर व्हायचा. पुण्याहून अनिकेतचा फोन आला, "आई, तळटीप चालेल की." त्याला म्हणाल्या, "तुझ्या जन्माची तळटीप करू का?" आणि फोन ठेवला.

एका दुपारी मी चहा प्यायला गेले, म्हणजे आगीत काडी टाकायला गेले. त्या खुर्चीत बसल्या होत्या, हातात ते कागद.

"तुमची रीत मोडली ना पण," मी म्हटलं. "तुम्ही तं पद्मजा."

"पणजीची देवी झाली, तिचं नाव आता दुसरीला नको म्हणून पद्मजा ठेवलं. मी शैला होते. माझी मार्कशीट शैलाची आहे. नोकरीला लागले तेव्हा गॅझेटमध्ये नाव बदलून घ्यावं लागलं." त्या कडवट हसल्या. "सगळ्या गावाच्या पोरींना नाव आणा म्हणून बाकावर बसवलं मी. स्वतःचं कुणी विचारलं नाही."

माझ्या डोक्यात तेव्हा किडा आला. माझ्या डोक्यात येतात.

"ताई, भाऊंच्या घरातल्या थोरल्या पोराईले बी एकच नाव देऊन पाहा ना. रीतच हाय म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस दिवसांनी टकटक सुरू झाली.

संध्याकाळी नरहरभाऊ व्हरांड्यात नवं पान घेऊन बसले. मी आमच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होते, तुळस बुडेपर्यंत. पान त्यांनी मोठ्यानं वाचलं : त्र्यंबक. जन्म अठराशे अडुसष्ट. हयात. कुलकर्णीपण केले, मग वकिली केली, मग शाळेत मास्तर होते, पुढे बँकेतून निवृत्त. सत्तावीस अपत्ये. उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. आयुष्यात एक दिवस आजारी पडले नाहीत.

"अगं, हे काय? मी, बाबा, आजोबा, पणजोबा, चार माणसं एक कशी होतील?"

"थोरलेच आहेत ना सगळे? मग काय फरक पडतो?"

"वेड लागलंय का तुला? माणसाचं आयुष्य असतं एकेक."

"हो ना," पद्मजाताई म्हणाल्या. "तेच म्हणतेय."

माझ्या हातून तांब्या पडला. नरहरभाऊ मला म्हणाले, "राठोडबाई, हे तुमचं डोकं आहे." मी नाही म्हटलं नाही.

पण माणूस हट्टी. दुसऱ्या दिवशी बायकोनं आणलेल्या त्याच नकला घेऊन ते दारव्ह्याच्या एका पेन्शनर मास्तरांकडे गेले. मास्तरांना मोडी येते. बस पकडून गेले, संध्याकाळी आले. पद्मजाताई आणि मी व्हरांड्यातच होतो, मी माझ्या घरी जायला उठले आणि परत बसले.

ते बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिले. "मास्तर पण तेच म्हणाले," खाली बघत म्हणाले. "चौदा वर्षं. अकरावा दिवस. आजोबांना माहीत असणार गं. ते आयुष्यभर बोलले नाहीत."

मला वाटलं, आता पद्मजाताई निवळतील. माझेही डोळे ओले झाले होते, मी काही दगड नाही. पण त्यांचा आवाज आधीपेक्षा चढला.

"मास्तर म्हणाले तेव्हा खरं झालं का?"

"तसं नाही गं."

"तसंच. मी खोटं बोलत होते तीन आठवडे? कोतवाल अडाणी, बायको वेडी, मास्तर बरोबर. त्या पोरींचं कुणी ऐकलं नाही आणि माझंही नाही. आता तुम्ही रडणार आणि मी पाणी आणून द्यायचं?"

त्यांनी पाणी आणलं नाही. मी आणलं, कारण नरहरभाऊंचा चेहरा खरंच उतरला होता. ग्लास घेऊन ते म्हणाले, "चार बायका लिही. फक्त वयं नको. पंधरा, चौदा वाचून लोक पणजोबांना काय म्हणतील? त्या काळी तसंच होतं."

"पणजोबा चौदाच्या पोरीपेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. म्हणू दे लोकांना जे म्हणायचं ते." त्या कागद हातात घेऊन उभ्या राहिल्या. "त्या पोरींचं नाव तुमच्या घरानं काढून घेतलं. माहेर लिहिलं नाही. मुलं चौथीच्या नावावर लावली. त्यांचं स्वतःचं म्हणून वय तेवढं उरलंय, ते त्या कोतवालानं ठेवलं. ते मी काढणार नाही."

नरहरभाऊंनी ग्लास ठेवला, आत गेले आणि फोटो हलवला, पहिल्या पानावरून एक्केचाळीसाव्यावर. चौथीच्या ओळीसमोर.

पुढचा महिना पद्मजाताई फोनवर होत्या. कुठल्या घराण्यांशी मुळावेकरांचे सोयरसंबंध होते ते शोधून एकेका घरी विचारत होत्या, तुमच्याकडे अमुक साली जन्मलेली मुलगी होती का. चौथीचं माहेर लागलं, ती गोदावरी होती. बाकीच्या घरांनी आपापले कुलवृत्तांत उघडून पाहिले. त्यात मुलग्यांची नावं होती आणि शेवटी लिहिलं होतं, दोन कन्या. कुठे तीन कन्या. एका काकांनी तर सांगितलं, कन्या दिल्यावर त्या तुमच्याकडच्या झाल्या, नावं तुम्हालाच माहीत असणार. पद्मजाताईंनी फोन इतका जोरात ठेवला की आमच्या बाजूला ऐकू आला.

प्रेसमध्ये शेवटचं प्रूफ द्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते, स्कूटीवर मागे बसून. प्रेसवाल्यानं पान एक्केचाळीसवर बोट ठेवलं. पहिली, दुसरी, तिसरी, प्रत्येकीपुढे वय, साल, कारण, मुलं. नावाच्या जागी तीन कोरे चौकोन.

"मॅडम, इथं काहीतरी राहून गेलं. जागा वाया चालली. ओळी वर घेऊ का?"

"राहूनच गेलंय," त्या म्हणाल्या. "तसंच छापा. आणि चौकोन मोठे करा, पेननं लिहिता येईल एवढे."