माय मले वळखन का?

मुखरू माजरीकडच्या एका कोळसाखाणीत रुळावरचे कोळशाचे डबे भरायचा. बायको मनकर्णा तापानं गेली तेव्हा त्यांची रिबका चार वर्षांची होती. पोरीला चांद्याच्या मिशनच्या वसतिगृहात ठेव, असं नातेवाइकांनी सुचवलं. "पाहू" म्हणत मुखरूनं ते टाळलं आणि शेजारच्या धुरपताबाईकडून वेणी घालायला शिकला. धुरपताबाई हिंदू घरातली, पण मनकर्णेची जिवाभावाची.

"मुखरूभाऊ, दोर नाई वळून राह्यले तुमी, पोरीचे केस होत ते!" ती हसायची.

हात कितीही घासले तरी बोटांच्या भेगांतला कोळसा रिबिनीला लागायचा. रिबका शाळेत जाताना फुरंगटायची, आणि मुखरूला वाटायचं, हिची माय असती तर.

संध्याकाळी जेवायला बसलं की प्रार्थना रिबका करायची. अन्नासाठी आभार, आजाऱ्यांसाठी मागणं, एवढं तिला उपासनेत ऐकून पाठ होतं. शेवटी मात्र ती स्वतःचं घालायची. "आन प्रभू, माह्या मायले सांग, माहा समोरचा दात पडला. आमेन."

मुखरू डोळे मिटलेलेच ठेवायचा. बायको गेल्यापासून त्याची स्वतःची प्रार्थना 'हे प्रभू'च्या पुढं सरकत नव्हती.

छप्पन सालच्या पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी रिबका 'आमेन' म्हणायच्या आधीच थांबली.

"बाबा, मायनं मले पाह्यलं तवा मी येवढुशी होती. आता उंच झाली, दात बी दुसरे आले. मी देवाच्या घरी गेली तं माय मले वळखन का?"

"वळखन ना."

"पन कशी?"

पाळकसाहेब आले की विचारू, असं म्हणून मुखरू भात कालवत राहिला. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच यायचे.

ते यायच्या आतच खाणीत छत कोसळलं. मुखरू आणि त्याचे सोबती ढिगाऱ्यामागं अडकले. कुणाला लागलं नव्हतं, पण वाट बंद झाली होती. एक बत्ती ठेवून बाकीच्या विझवल्या. थोड्या वेळानं तीही गेली.

त्या काळोखात मुखरूच्या मनात आलं, आता मनकर्णेकडे जायचं. आणि त्याला बरं वाटलं. ती गेल्यापासून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. जणू ती इथंच उभी आहे, हात लांबवला की लुगड्याचा काठ लागेल. त्यानं खरंच हात लांबवला. ओला दगड लागला. मग त्याला रिबकेच्या केसांतला गुंता आठवला. सकाळी घाईत तो सोडवायचा राहिला होता. आता कोण सोडवणार?

"हे प्रभू," तो म्हणाला, आणि या वेळी पुढचे शब्द आपसूक आले. "तिले म्हना, थोडी थांब. पोरगी लहान आहे."

दिवस मावळता मावळता बाहेरच्या माणसांनी वाट मोकळी केली. खाणीच्या तोंडाशी बायापोरांची दाटी होती. वर येणारे सगळे सारखेच काळे, डोळे तेवढे पांढरे. बायका नावं घेऊन हाका मारत होत्या, एकेक चेहरा निरखत होत्या. रिबकेनं धुरपताबाईचा हात सोडला आणि ती सरळ येऊन मुखरूच्या पायांना बिलगली.

घरी अंगणात ती त्याच्या पाठीवर पाणी ओतत होती, तेव्हा त्यानं विचारलं, "येवढ्या मानसात मी तुले कसा समजलो वो?"

रिबकेला प्रश्नच कळला नाही. "कसा म्हंजे? तू माहा बाबा होय ना."

मुखरू तसाच ओला बसून राहिला. मग म्हणाला, "तं मायबी तशीच वळखन. तू मोठी झाली, म्हातारी झाली, तरी. माय होय ते तुही."

"आन तुले?"

"मलेबी."

"असा काळा गेला तरी?"

तो मोठ्यानं हसला. हसता हसता त्याला रडू फुटलं, आणि रिबका घाबरून त्याच्या डोक्यावर आणखी पाणी ओतू लागली.

धुरपताबाई भात-वरण घेऊन आली. पोरगी जेवायला लागली तसा मुखरू दाराशी आला.

"धुरपताबाई, मनकर्णा बोले कशी वो? चेहरा दिसते मले. आवाज मात्र गेला. लय दिवसापासून आठवून राह्यलो."

"भांडाले आली तरी आधी हासे ते," धुरपताबाई म्हणाली. "'आयक वो बाई,' म्हने, आन मंग सुरू होये." ते तीन शब्द तिनं मनकर्णेच्याच सुरात म्हटले, शेवट किंचित लांबवून.

मुखरूनं चौकटीला हात टेकला.

"आखीन एकदा म्हना," तो म्हणाला.

धुरपताबाईनं पदरानं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि पुन्हा म्हटलं.