थोरलीनं उतरवलेला सूर

चर्चच्या एका अंगाला वादक-गायकांसाठी वाहिलेलं छोटं चॅपेल होतं. गेलेल्या कलावंतांची नावं तिथे एका जाड वहीत लिहिलेली असत. त्या चॅपेलमधला, हवेवर नळ्या वाजणारा मोठा ऑर्गन सुरात ठेवायचं काम एका घरच्या थोरल्या सुनेकडे होतं. सासऱ्यांनी ते चाळीस वर्षं केलं आणि हातपाय थकल्यावर तिला शिकवलं. त्यांचं नाव मात्र वहीत आलं नाही. वही वाजवणाऱ्यांची, सूर लावणाऱ्यांची नव्हे. थोरलीला त्याचं फारसं वाटलं नव्हतं. धाकटी जाऊ घरात आली आणि वाटायला लागलं.

धाकटी तोच ऑर्गन वाजवायची. थोरलीनं दोन-दोन दिवस गुडघे टेकून, धूळ खात चारशे नळ्या लावायच्या, आणि लोकांनी म्हणायचं, धाकटीच्या हाताला काय गोडवा आहे. घरीही तेच. थोरलीचा नवरा जेवताना भावजयीचं कौतुक करू लागला की तिच्या हातातला आमटीचा डाव जरा जोरातच आपटे.

चॅपेलला शंभर वर्षं झाली, तेव्हा धाकटीचं वादन ठरलं. आदल्या दुपारी थोरलीनं सगळा ऑर्गन चोख लावला आणि निघताना मधल्या सप्तकातल्या एका नळीवरचं पत्र्याचं कडं गव्हाच्या दाण्याएवढं वर सरकवलं. सूर उतरला. कळू दे एकदा, गोडवा कुठून येतो ते, असं मनाशी म्हणत तिनं हात पुसले.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर कान टवकारून बसली. पहिल्याच मिनिटाला तो सूर एकदा कण्हला. मग पुन्हा आलाच नाही. जिथे तो यायचा, तिथे धाकटी अलगद वरच्या सप्तकातला घेत होती. तासभर, एकदाही न चुकता. कोणाला पत्ता लागला नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

घरी भांडी विसळताना धाकटी हळूच म्हणाली, “जाऊबाई, एक नळी उतरली होती. हवा गार होती ना.”

“गारव्यानं एकच नळी उतरत नाही,” थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

“मला ठाऊक आहे,” म्हणत धाकटीनं पुढचं ताट घेतलं.

धाकटीनं हे कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. थोरलीनं सकाळीच जाऊन कडं खाली आणलं. पोटातलं जळणं काही थांबलं नाही. आता तर धाकटीच्या मोठ्या मनाचाही हेवा करावा लागत होता. पण पुढे बावीस वर्षं तिनं एकही नळी चुकवली नाही. वादनाआधी धाकटी विचारी, “लागला का सगळा?”

“बघ वाजवून,” थोरली म्हणे, आणि मागच्या बाकावर जाऊन बसे.