आखराचा ठराव

१२ फेब्रुवारी २०२३, सकाळी अकरा वाजता आमच्या गावाची तहकूब ग्रामसभा सुरू झाली. मी आत नव्हतो. गावातील बहुतेक माणसे आत नव्हती. आम्ही तसे ठरवूनच केले होते.

अमरावती रस्त्यावर वाडीची गोदामे मागे पडली की पुढे आमचे गाव लागते. गावाशेजारच्या वावरांत घरांचा ले-आउट पडला होता. शहरातील प्रताप नगरकडची कुटुंबे मोटारींतून येऊन प्लॉट पाहून जात. ले-आउटला रुंद रस्ता हवा होता आणि तो आखरावरूनच निघू शकत होता. आखर म्हणजे गावकुसाबाहेरची मोकळी जागा. सकाळी घराघरातील गुरे तिथे जमत आणि गायकी, म्हणजे गावचा गुराखी, त्यांना चरायला नेई. माझ्या दोन गाई तिथूनच जात. माझ्याकडे शेत उरलेले नाही. अंगणात बांधून, विकतच्या कडब्यावर त्यांना फार दिवस पोसणे मला शक्य नव्हते.

जागा पंचायतीच्या ताब्यातील असल्याने रस्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. सभाच भरू द्यायची नाही, असा गावाने निश्चय केला. पहिल्या सभेला जवळजवळ कोणी गेले नाही. कोरम न झाल्याने ती तहकूब झाली आणि पारावर पेढे वाटले गेले. पुन्हा सभा लागली, तेव्हा बेत बदलण्याचे कारण कोणाला दिसले नाही. मलाही दिसले नाही.

त्या सकाळी आम्ही पंचायतीसमोर लिंबाखाली चहा घेत बसलो होतो.

"काकाजी, आत पाहा. खुर्च्याच भाषण ऐकून राहिल्या," शेजारी म्हणाला.

"अन् टाळ्या कोण वाजवन?" दुसऱ्याने विचारले.

"सरपंचाचा भाऊ हाय ना. त्यानंच तं सगळ्यात पयले वावर इकलं."

सगळे हसले. तेवढ्यात ग्रामसेवक बाहेर आले.

"काय साहेब, पुन्हा तहकूब?" शेजाऱ्याने टोमणा मारला.

"नाही. ठराव मंजूर झाला," ते म्हणाले. "तहकूब सभेला कोरम लागत नाही. हजर होते त्यांनी हात वर केले."

"मंग सांगाचं नाई का?"

"कोणी विचारलं नाही."

त्यांच्यामागून वावरे विकलेली मंडळी बाहेर पडली. सर्वांत शेवटी आमचा गायकी आला. माझी गुरे तो कित्येक वर्षे चारत होता. मला पाहून तो थांबला.

"तू आत काहून गेलता गा?"

"मले चौकीदारीचं बोलले हायेत, काकाजी. ले-आउटच्या फाटकावर."

"अन् गुरं?"

"गुरं राहिली कुठं? सगळ्यायनं इकून टाकली. तुमच्या दोन गाईंवर माह्यं घर चालते का?" तो थोडा घुटमळला. "तुमी आत बसले असते तं माहा हात वर झाला नसता. तुमच्यासमोर हिंमतच झाली नसती."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. लिंबाखाली कोर्टाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. कोणी वकील सुचवत होते, कोणी ग्रामसेवकाला शिव्या देत होते. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि घरी आलो. जेवलो. झोप लागली नाही, पण विचारही काही आले नाहीत.

त्या दिवशी उरलीसुरली गुरे गायक्याच्या बायकोने नेली होती. दिवस कलल्यावर तिने माझ्या गाई दारात आणून सोडल्या.

"उद्यापासून घरीच बांधा जी," ती जमिनीकडे पाहत म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

मी पहार काढली. अंगणात दोन खुंट ठोकले, गाई बांधल्या, त्यांच्यापुढे कडबा टाकला. दुपारचे पाणीही आता घरीच पाजावे लागणार होते, म्हणून नळाखालची टाकी घासून भरून ठेवली.